सीझनही चुकवायचा नाही आणि माणसंही तोडायची नाहीत: मॅचचं वेळापत्रक घरच्या वेळापत्रकात बसवायची पद्धत

दर ऑगस्टला माझ्या ओळखीतल्या चार-पाच जणांचं तेच होतं. युरोपातल्या फुटबॉलचा सीझन सुरू झाला की पहिले तीन आठवडे मिळेल ती मॅच बघतात, मग गणपती येतात, मग दिवाळी, मग लग्नं, आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत एकतर घरात वाजलेलं असतं नाहीतर टीम सुटलेली असते. मग मेसेज येतो, तुला गं कसं जमतं, सासर आहे, नोकरी आहे, कोल्हापूरचं माहेर आहे, तरी मॅच सुटत नाही? मला जमतं कारण मी ऐनवेळी ठरवत नाही. बहुतेकांचं बिघडतं ते तिथेच. मॅचला अर्धा तास राहिला की घरच्यांना सांगायचं, हळदीच्या कार्यक्रमात बसून स्कोअर बघायचा, रात्री दीडची मॅच आहे हे संध्याकाळी सातला कळायचं.

खाली जे लिहिलंय ते मी आर्सेनल, म्हणजे लंडनची टीम, बघते त्या हिशोबाने आहे, पण टीम कुठलीही असो, क्रम हाच ठेवा. क्रम बदलला की गडबड होते, विशेषतः टप्पा १ आणि २ उलटे करू नका.

तयारी: आधी काय काय हवं

एक कागदी कॅलेंडर, भिंतीवरचं, ज्यावर घरात सगळे दूधवाल्याचे खाडे आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहितात तेच. फोनमधलं कॅलेंडर पण लागेल, पण ते फक्त तुम्हाला दिसतं, आणि घरच्यांना दिसणं हाच इथला अर्धा मुद्दा आहे. दोन रंगांची पेनं. टीमचं अधिकृत वेळापत्रक. आणि कुठली स्पर्धा कुठल्या ॲपवर दिसते हे सीझन सुरू व्हायच्या आधी तपासून घ्या, कारण हक्क दर काही वर्षांनी इकडून तिकडे जातात आणि लीग (इंग्लंडची प्रीमियर लीग) एका ॲपवर, चॅम्पियन्स लीग (युरोपभरच्या वरच्या क्लबांची स्पर्धा) दुसऱ्यावर असं होतं. मॅच सुरू झाल्यावर पासवर्ड शोधत बसलेली माणसं मी खूप पाहिलीत.

टप्पा १: मॅचची प्रतवारी करा

आधी आकडा समोर ठेवा. आर्सेनल २०२४-२५ मध्ये सगळ्या स्पर्धा धरून ५८ मॅच खेळली. ३८ लीगच्या, १४ चॅम्पियन्स लीगच्या, बाकी दोन कपच्या. एका मॅचला दोन तास धरले तर ११६ तास होतात, आणि ही फक्त आपल्या टीमची गोष्ट, रिअल माद्रिद-बार्सिलोनाची एल क्लासिको नाही, मँचेस्टर डर्बी नाही, काहीच नाही. सगळं बघणार असं म्हणणारा माणूस ऑक्टोबरात थकतो आणि मग नेमकी महत्त्वाची मॅच झोपेत घालवतो.

म्हणून तीन प्रती करा.

पहिली प्रत, चुकवायचीच नाही. सीझनला १२ ते १५ च्या वर नको. यात डर्बी (शेजारच्या टीमशी मॅच), टायटलसाठी भिडणाऱ्या टीमशी दोन्ही मॅच, नॉकआउट (हरलं की स्पर्धेबाहेर), आणि लीगचा शेवटचा दिवस.

दुसरी प्रत, जमलं तर लाइव्ह नाहीतर नंतर पूर्ण.

तिसरी प्रत, हायलाइट्स पुरे. यादी करताना ही प्रत लिहायला जीवावर येतं पण ती लिहिलीच पाहिजे, कारण घरच्यांना द्यायचा वेळ इथूनच निघतो.

प्रत सीझनमध्ये बदलू शकते आणि बदलायला हवी. मार्च २०२५ मध्ये आर्सेनलने चॅम्पियन्स लीगच्या नॉकआउटमध्ये नेदरलँड्सच्या पीएसव्हीला त्यांच्या घरी ७-१ हरवलं. तिथे दोन लेग असतात, दोघांच्या घरी एकेक मॅच, आणि दोन्हींचे गोल मिळवून निकाल लागतो. दुसरी लेग मी आधी पहिल्या प्रतीत लिहिली होती, ७-१ नंतर ती सरळ तिसरीत टाकली आणि झोपले. ती मॅच २-२ झाली, सकाळी चार मिनिटांत बघून संपली. त्याच रात्री माझा मामेभाऊ रिअल माद्रिद-ॲटलेटिकोची मॅच बघत बसला, ती पेनल्टीपर्यंत गेली, ज्यात ॲटलेटिकोच्या हुलियन अल्वारेझची पेनल्टी दोनदा पाय लागला म्हणून रद्द झाली. तो तर दोघांपैकी कुणाचाच फॅन नाही. आणि उजाडली ती होळी, घरात पुरण शिजत होतं आणि याला दुपारी एकपर्यंत उठवत होते. मामीने वर्षभर ऐकवलंय त्याला.

⚠ प्रतवारी टीमकडे बघून करा, समोरच्या टीमच्या नावाकडे बघून नाही. रिअल माद्रिद खेळतेय म्हणून ती आपली मॅच होत नाही.

टप्पा २: वेळ भारतीय करा, आणि तारीख पण

सगळ्यात जास्त मॅच इथे चुकतात. म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

इंग्लंडचं घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच तास पुढे. म्हणजे सीझनच्या सुरुवातीला आणि शेवटाला एक वेळ, मधल्या पाच महिन्यांना दुसरी. पाठ करून टाका:

शनिवारची दुपारची पहिली मॅच, तिकडे साडेबारा. आपल्याकडे संध्याकाळी ५, हिवाळ्यात ६.
तिकडे तीनची मॅच. आपल्याकडे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ.
तिकडे साडेपाचची. आपल्याकडे रात्री १०, हिवाळ्यात ११.
रविवारी तिकडे दोन आणि साडेचारची. आपल्याकडे साडेसहा आणि ९, हिवाळ्यात साडेसात आणि १०.
आठवड्यातल्या रात्री तिकडे आठची. आपल्याकडे रात्री साडेबारा, हिवाळ्यात दीड.

चॅम्पियन्स लीगच्या मुख्य मॅच युरोपात रात्री नऊला असतात, त्या पण आपल्याकडे साडेबारा किंवा दीडलाच येतात. लवकरची असली तर सव्वादहा, हिवाळ्यात सव्वाअकरा.

आता तारखेचं. रात्री बारानंतर तारीख बदलते हे सगळ्यांना माहितीय आणि तरी सगळे फसतात. ८ एप्रिल २०२५, मंगळवार, आर्सेनल विरुद्ध रिअल माद्रिद, एमिरेट्सवर, म्हणजे आर्सेनलच्या घरच्या मैदानावर. आपल्याकडे ती बुधवार ९ एप्रिल, रात्री साडेबारा. माझ्या एका मैत्रिणीने ९ तारीख वाचली, बुधवारची रात्र मोकळी ठेवली, ऑफिसात गुरुवारी उशिरा येते म्हणून सांगितलं, आणि बुधवारी सकाळी चहा घेताना फोन उघडला तर आर्सेनलच्या डेक्लन राइसच्या दोन फ्री किक आणि ३-० चा निकाल समोर. त्या रात्री ती जागीच होती हो, सिरीज बघत होती. अजून तिला त्याचं वाईट वाटतं आणि मलाही.

म्हणून रात्री बारानंतरची मॅच कॅलेंडरवर लिहिताना मी कधीच एक तारीख लिहीत नाही. "मंगळवार रात्र उजाडता बुधवार, १२:३०" असंच लिहिते. लांब वाटतं पण चूक होत नाही, आणि घरच्यांनाही नेमकं कळतं की मंगळवारी रात्री दिवाणखान्यातला टीव्ही कुणाचा.

✔ तपासा: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतरच्या सगळ्या नोंदी एक तास पुढे सरकल्यात का? मार्चनंतरच्या परत मागे आल्यात का? आणि हे सगळं युरोपचं झालं. मेसीमुळे अमेरिकेतली लीग बघत असाल तर तिकडचं घड्याळ वेगळ्या तारखांना सरकतं, मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या, त्याचा हिशोब वेगळा ठेवा.

⚠ जूनमध्ये जे वेळापत्रक येतं ते कच्चं समजा. त्यात बहुतेक मॅच शनिवारी दुपारी तीनला दाखवलेल्या असतात, नंतर टीव्हीसाठी हलवतात. टीम गुरुवारी युरोपा लीग (चॅम्पियन्स लीगच्या खालची स्पर्धा) खेळली तर पुढची लीग मॅच रविवारी जाते. कपमध्ये पुढे गेली तर लीगची मॅचच पुढे ढकलतात. म्हणून जूनमध्ये पेन्सिलने लिहा, वेळ पक्की जाहीर झाल्यावर पेनने. जूनच्या यादीवर विसंबून पाहुण्यांना तारीख देऊ नका.

टप्पा ३: आधी माणसं लिहा, मग मॅच

कॅलेंडर घेऊन बसल्यावर हात आपोआप मॅच लिहायला जातो. थांबा. आधी एका रंगाने घरचं सगळं लिहा. गणपती, गौरी, नवरात्र, दिवाळीचे पाच दिवस, आईवडिलांचे वाढदिवस, श्राद्धं, ठरलेली लग्नं, मुलांच्या परीक्षा. मग दुसऱ्या रंगाने पहिल्या प्रतीच्या मॅच. दुसऱ्या प्रतीच्या लिहिल्या तरी चालतील, तिसऱ्या प्रतीच्या अजिबात लिहू नका, नाहीतर पान रंगून जातं आणि घरच्यांना वाटतं हिला वर्षभर मॅचच आहेत.

हे केल्यावर वर्षाचा आकार दिसतो. गणपती बहुतेक वेळा सीझनच्या पहिल्या महिन्यात पडतात, तेव्हा टेबलला, म्हणजे गुणतक्त्याला, फार अर्थ नसतो, मॅच सोडायला सोपं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, आणि डिसेंबरात इंग्लंडमध्ये मॅचची गर्दी, तिथे खरी ओढाताण. पौषात लग्नं नसतात, आणि जानेवारीच्या शेवटी चॅम्पियन्स लीगच्या लीग फेरीचा शेवटचा दिवस असतो, सगळ्या ३६ टीम एकाच वेळी खेळतात, तो मोकळेपणाने बघता येतो. एप्रिल-मे परत लग्नं आणि इकडे टायटल, सेमीफायनल, सगळं एकदम.

इंटरनॅशनल ब्रेक विसरू नका. नोव्हेंबर, मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात देशांच्या टीम खेळतात म्हणून क्लबच्या मॅच थांबतात. ते शनिवार-रविवार मी जून-जुलैतच घेरून ठेवते. माहेरी जाणं, मैत्रिणींची ट्रिप, ज्यांच्याकडे जेवायला जायचं राहिलंय त्यांच्याकडे जाणं, सगळं तिथे. मी स्वतः पुढाकार घेऊन "आत्या, १५ तारखेला येऊ का तुमच्याकडे" असा फोन केला की आत्याही खूष आणि पुढच्या महिन्यात तिचा फोन नेमका डर्बीच्या दिवशी येत नाही.

✔ तपासा: एकाच महिन्यात पहिल्या प्रतीच्या तीनपेक्षा जास्त मॅच आल्यात का? आल्या असतील तर एक खाली उतरवा.

टप्पा ४: सांगायचं कधी आणि कसं

किमान दहा दिवस आधी. एकदाच. आणि कारण लपवायचं नाही.

लोक इथे दोन चुका करतात. एक, खोटं सांगतात, तब्येत बरी नाही, ऑफिसचं काम आहे, आणि मग गोल झाल्यावर स्टेटस टाकतात. स्टेटस सगळे बघतात, काकू पण बघतात. दुसरी, फक्त नकार देतात. "रविवारी नाही जमणार" एवढंच म्हटलं की समोरच्याला वाटतं आपल्याला टाळतेय. नकाराबरोबर दुसरी वेळ द्याच.

३१ ऑगस्ट २०२५, रविवार, लिव्हरपूलशी त्यांच्या घरी मॅच, आपल्याकडे रात्री ९. आणि त्याच दिवशी गौरी आवाहन. आमच्याकडे गौरी म्हणजे संध्याकाळभर येणंजाणं असतं, शेजारच्या, नात्यातल्या, सगळ्या येतात. मी पंधरा दिवस आधी सासूबाईंना म्हटलं, "आई, त्या दिवशी नऊला माझी मॅच आहे, मोठी आहे, सगळ्यांना सहा ते साडेआठ सांगूया का? मी चारला घरी येते, रांगोळी आणि मुखवट्यांचं सगळं माझ्याकडे." त्या म्हणाल्या, "हो, मग फराळाचं आदल्या दिवशी करून टाकू." एवढंच झालं. साडेआठला शेवटच्या दोघी गेल्या, पावणेनऊला भांडी विसळून झाली, आणि नऊला मी पाय मोकळे करून बसले. ८३ व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या सोबोस्लाईने लांबून फ्री किक मारली आणि आम्ही १-० हरलो. सासूबाई झोपायला जाता जाता डोकावल्या, माझा चेहरा बघून म्हणाल्या, "हरले वाटतं, उद्या पुरणपोळी आहे, झोप आता." हे ऐनवेळी सांगितलं असतं तर झालं नसतं. आधी काम वाटून घेतलं म्हणून झालं.

मेसेज करायचा असेल तर असा काहीतरी: "दादा, २३ ला साखरपुड्याला येतेय, सकाळपासून आहे, जेवून सहाला निघेन, रात्री मॅच आहे माझी. काही आणायचं असेल तर सांग." यात येणं आधी आहे, निघायची वेळ नंतर. उलटं लिहिलं की वाचणाऱ्याला फक्त निघणं दिसतं.

⚠ एका घराला सीझनमध्ये दोनपेक्षा जास्त वेळा मॅचचं कारण देऊ नका. कुणाला दिलं हे लक्षात राहत नसेल तर कॅलेंडरवर बारीक अक्षरात नाव लिहून ठेवा, मी ठेवते.

टप्पा ५: मॅच आणि कार्यक्रम एकाच वेळी आले तर

इथे मधला रस्ता नसतो हे आधी मान्य करा. हॉलमध्ये कोपऱ्यात उभं राहून मोबाइलवर बघणं म्हणजे ना धड मॅच ना धड लग्न. अक्षता पडताना मान खाली असलेले तुमचे फोटो अल्बममध्ये कायमचे राहतात. जायचं ठरलं तर पूर्ण जा, मॅच नंतर बघा. नंतर बघायची मॅच लाइव्हसारखी बघता येते, पण त्याची तयारी आधी करावी लागते आणि ती नीट कुणी करत नाही. क्रमाने:

१. स्कोअरच्या ॲपची नोटिफिकेशन बंद. फक्त आपल्या टीमची नाही, पूर्ण ॲपची. दुसऱ्या टीमच्या बातमीत आपला निकाल येतो.

२. मॅच सुरू व्हायच्या आधी फुटबॉलचे सगळे व्हॉट्सॲप ग्रुप आर्काइव्ह करा. म्यूट पुरत नाही, म्यूट केलेल्या ग्रुपचा शेवटचा मेसेज यादीत दिसतोच. आणि फॅमिली ग्रुपवर एखादा भाचा असतोच जो लिहितो, तर तो ग्रुप पण.

३. इन्स्टा, यूट्यूब, ब्राउझरचं पहिलं पान, काही उघडू नका. कॅबचं ॲप उघडा, बाकी नाही.

४. नवऱ्याला, भावाला, जो कोण फुटबॉल बघतो त्याला स्पष्ट सांगा की मला काही सांगू नका, चेहऱ्यावरून पण नाही. माझ्या दिराने एकदा फक्त "बघ बघ, मजा येईल" म्हटलं आणि मला कळलं.

५. घरी आल्यावर ॲप स्वतः उघडू नका. पहिल्याच पानावर हायलाइट्सचं चित्र असतं आणि त्यात कोण नाचतंय ते दिसतं. घरातल्या फुटबॉल न बघणाऱ्या माणसाला उघडायला सांगा, "फुल मॅच रिप्ले" शोधून सुरू करून दे म्हणावं.

६. खालची वेळेची पट्टी बघू नका! हे कुणी सांगत नाही. नॉकआउटच्या रिप्लेची लांबी पावणेतीन तास दिसली की पेनल्टी झाल्या हे सुरुवातीलाच कळतं. मी टीव्हीच्या खालच्या कडेला जुन्या लग्नपत्रिकेचा कागद चिकटपट्टीने लावते.

✔ तपासा: रिप्ले किती वेळाने येतो आणि किती दिवस राहतो? प्रत्येक ॲपचं वेगळं असतं, एखाद्या तिसऱ्या प्रतीच्या मॅचवर आधी बघून ठेवा.

टप्पा ६: रात्री दीडची मॅच

दीडची मॅच साडेतीनला संपते असं धरून चालतात. लीगची संपते, नॉकआउट नाही. युरोपातल्या स्पर्धांमधून बाहेरच्या गोलचा नियम (बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारी टीम पुढे) २०२१-२२ पासून गेला, त्यामुळे दोन लेग मिळून बरोबरी झाली की सरळ एक्स्ट्रा टाइम. मार्च २०२५ मध्ये लिव्हरपूल-पीएसजी तसंच झालं, मग पेनल्टी. म्हणजे दीडला सुरू झालेली मॅच चार वाजून जाऊ शकते. दुसऱ्या लेगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची मीटिंग घेऊ नका, मुलाला शाळेच्या बसवर सोडायचं काम आदल्या दिवशीच कुणालातरी देऊन ठेवा, आणि त्याच्या बदल्यात दोन दिवस तुम्ही सोडा.

झोप आधी घ्यायची, नंतर नाही. साडेनऊला झोपायचं, सव्वाला उठायचं. "जागीच राहते" म्हणणारे हाफटाइमला झोपतात. अलार्म दोन, एक फोनचा आणि एक हातातल्या घड्याळाचा थरथरणारा, म्हणजे शेजारी झोपलेला माणूस उठत नाही. खायचं आधीच झाकून ठेवा, रात्री दोनला मिक्सर किंवा कुकर लावायचा नाही, चिवडा, केळी, थर्मासमध्ये चहा एवढं पुरतं. हेडफोन लावूनच बघा, आणि हेडफोन लावल्यावर आपला आवाज आपल्याला कळत नाही हे लक्षात ठेवा. गोलला मी उशी तोंडावर धरते.

⚠ आठवड्यात अशी एकच रात्र. मंगळवार आणि बुधवार दोन्ही जागलात तर शुक्रवारी कुणाच्यातरी वाढदिवसाला तुम्ही ताटावर पेंगणार.

टप्पा ७: लोकांना घरी मॅच बघायला बोलावताना

वर्षातून तीन-चार वेळा बोलवाच. ज्यांना तुम्ही मॅचमुळे नाही म्हणता त्यांना मॅचलाच बोलावलं की बरंचसं ओझं उतरतं. पण संध्याकाळी साडेसात-साडेआठची मॅच निवडा, लहान मुलं आणि मोठी माणसं पण येऊ शकतात.

जेवण मॅचच्या आधी. हाफटाइम १५ मिनिटांचा असतो आणि त्यात बारा जणांची पावभाजी होत नाही, पाव भाजणारा माणूस दुसऱ्या हाफची पहिली दहा मिनिटं गमावतो आणि तो बहुतेक वेळा घरातली बाईच असते. आधी जेवा, हाफटाइमला फक्त चहा किंवा आइस्क्रीम.

संपायची वेळ सांगताना फायनल असेल तर तासभर जास्त सांगा. १८ डिसेंबर २०२२ ची वर्ल्ड कप फायनल आपल्याकडे साडेआठला सुरू झाली, मी सगळ्यांना साडेदहा सांगितलं होतं, ती ३-३ होऊन पेनल्टीला गेली आणि सव्वाअकरा वाजून गेले. एका काकांना शेवटची लोकल होती, ते एक्स्ट्रा टाइममध्ये उठून गेले आणि फ्रान्सच्या एम्बाप्पेचा तिसरा गोल त्यांना रिक्षात कळला. मला फार वाईट वाटलं, कारण चूक माझी होती.

बोलावलेल्यांना एक गोष्ट आधी सांगा: मॅच चालू असताना फोन बाजूला. ऑनलाइन प्रक्षेपण टीव्हीपेक्षा मागे असतं, कधी कधी अर्धा मिनिट, त्यामुळे कुणाच्यातरी फोनवर गोल आधी वाजतो आणि खोलीतल्या सगळ्यांचा तो गोल जातो. शेजाऱ्यांना पण आदल्या दिवशी सांगून ठेवा, खालच्या मजल्यावरच्या आजींना मी दरवेळी सांगते आणि वाटीभर काहीतरी देऊन येते.

टप्पा ८: मैदानावर जायचं असेल तर

आपल्याकडच्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, मुंबई सिटीसाठी अंधेरीला आझाद नगर मेट्रोने जाता येतं, एफसी गोवासाठी मडगावला फातोर्डा. दोन्हीकडे घरच्यांना घेऊन जाता येतं. फक्त, आयएसएलच्या तारखांवर आधीपासून रजा आणि परत न मिळणारी तिकिटं काढू नका, २०२५-२६ चा सीझन तर नेहमीसारखा सप्टेंबरात सुरूच झाला नाही.

आणि एका खेळाडूसाठी तिकीट काढू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये सौदीची अल हिलाल मुंबई सिटीशी खेळायला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आली, लोकांनी त्यांच्या नेमारसाठी धडपड केली आणि तो आदल्या महिन्यात गुडघा दुखावून बसला. ऑक्टोबर २०२५ मध्ये रोनाल्डोची अल नासर फातोर्ड्याला आली, रोनाल्डो आला नाही. भाच्याला "रोनाल्डो दाखवते" असं वचन देऊन बसलेल्यांचे हाल मी ऐकलेत. वचन मॅचचं द्या.

कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जाणार असाल तर वेगळी तयारी. मॅच दुपारच्या, ऊन कडक, टोपी आणि पाणी हवंच. पण त्याहून आधी, ज्यांच्याबरोबर जाताय ते कुठल्या तालमीचे हे विचारून घ्या, तिथल्या बऱ्याच फुटबॉल टीम तालमींच्याच असतात. पीटीएम (पाटाकडील तालीम मंडळ), खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रत्येकाची पेठ आणि बसायची जागा ठरलेली असते, आणि आमच्याकडे तर दोन मामा दोन तालमींचे आहेत. पाहुणा म्हणून ज्याच्या घरी उतरलात त्याच्याबरोबर बसा, दुसऱ्या टीमच्या गोलला हात वर करू नका, आणि मॅच संपल्यावर रस्त्यात थांबून वाद ऐकत बसू नका, सरळ घरी या. संध्याकाळी दोन्ही मामांकडे चहाला जा, ज्याची टीम हरली त्याच्याकडे आधी.

टप्पा ९: मे महिना संपल्यावर

लीगचा शेवटचा दिवस रविवारी, सगळ्या दहा मॅच एकाच वेळी, आपल्याकडे साडेआठला. त्यानंतर आठवड्याभरात चॅम्पियन्स लीगची फायनल, तीही २०२६ पासून लवकर केलीय, आपल्याकडे रात्री साडेनऊला येते, आधीसारखी साडेबाराला नाही, तर जुन्या सवयीने झोपून उठायचा बेत करू नका.

मग कॅलेंडर भिंतीवरून उतरवायच्या आधी अर्धा तास बसा. बारीक अक्षरातली नावं बघा, कुणाकुणाला मॅचचं कारण दिलं होतं. मी ती नावं एका कागदावर उतरवते आणि जून महिन्यात एकेकाकडे जाऊन येते, आंबे संपायच्या आत. गेल्या वर्षी सात घरं होती. सातव्या घरी पोचले तेव्हा नवं वेळापत्रक येऊन दोन दिवस झाले होते, चुलत नणंदेने चहा ठेवता ठेवता विचारलं, "यंदा गौरींच्या दिवशी कुणाशी आहे गं?" आणि आम्ही तिथेच तिच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून पेन्सिल घेऊन बसलो.